मुक्काम हलवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण असे मी आजवर कधी केलेले नाही. हळदीकुंकवाला नाव घेते, तेवढेच काय ते चारचौघींत बोलणे. पण चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दर वर्षी वारीला जाता, त्यावर बोला." मी म्हटले, वारीवर बोलणारे कीर्तनकार पुष्कळ आहेत, अभंगाचा अर्थ सांगण्याची माझी योग्यता नाही. तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. मागच्या थंडीत आपल्या मंडळाची सहल गेली होती. वाईला घाटावर जेवणे झाली, मंडळी गाडीत बसली, आणि पुढच्या मुक्कामी कळले की चहाचे मोठे पातेले, दोन सतरंज्या आणि खजिनदारबाईंचा चष्मा मागेच राहिला. चष्मा मिळाला. पातेले मिळाले नाही. "तुमचे दीडशे माणसांचे बिऱ्हाड रोज हलते म्हणता, मग तुमचे कसे राहत नाही ते सांगा," असा मला प्रश्न आहे.

तर आधी कबूल करते की आमचेही राहते. मी आज जे सांगणार आहे, ते सगळे काही ना काही मागे टाकून शिकलेले आहे. आणि एकदा असे झाले की आमच्या हातून वस्तू राहण्यापेक्षा फार वाईट घडायचे, ते थोडक्यात टळले. ते सांगायचे की नाही, यावर मी चार दिवस विचार केला. सांगणार आहे.

ज्यांनी वारी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडेसे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. वाटेत पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. पुण्याला आणि सासवडला दोन-दोन रात्री, लोणंद-फलटणला तिथीप्रमाणे एखादी रात्र जास्त, आणि बाकी रोज नवे गाव. चालणारी माणसे टाळ घेऊन चालतात ते तुम्ही टीव्हीवर पाहता. पण त्यांचे अंथरूण-पांघरूण, राहुट्या, शिधा, भांडीकुंडी हे सगळे ट्रकमधून पुढे जाते, ते कोणी दाखवत नाही. आमची दिंडी रथामागे चालते. तिचा एक ट्रक आणि एक टेंपो. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा २०११ साली मी प्रथम गेले, ती पोळ्या लाटायला. २०१४ पासून कोठी माझ्याकडे आली. कोठी म्हणजे शिधा, भांडी, गॅस आणि दोष.

आपल्याला वाटते, रात्री मुक्काम करायचा आणि सकाळी हलवायचा. तसे नसते. पहाटे रात्रीचा मुक्काम मोडायचा, दुपारच्या विसाव्याला पुन्हा भट्ट्या मांडून जेवणे करायची, ते आवरून संध्याकाळच्या गावी पालखीच्या आधी पोहोचून राहुट्या ठोकायच्या. म्हणजे दिवसातून दोनदा बिऱ्हाड मोडायचे आणि दोनदा मांडायचे. पहाटेचे मोडणे अंधारात. भोंगा तीनदा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या रांगेला, तिसऱ्याला पालखी हलते. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घातलेल्या घडीतली, असे म्हणतात. माउलींचा तंबू आणि घोडे आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. त्या काळी बैलगाड्या होत्या. त्यांच्याही कोठीवर कोणीतरी बाई असेल आणि तिचीही परात राहिली असेल, असा मी आपला मनाशी विचार करते.

माझी पहिल्याच वर्षी राहिली. २०१४ साली, जेजुरीला. मोठी पितळी परात, आतून तेलरंगाने आमच्या दिंडीचा क्रमांक घातलेली. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, चोपदार चोप उंच करतात आणि एवढा जनसमुदाय एकदम गप्प होतो. कोणा दिंडीची तक्रार असेल तर ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिच्याकडे जाऊन विचारपूस होते. त्यानंतर हरवले-सापडलेले वाचून दाखवतात. कोणाची पिशवी, कोणाचा मोबाईल, कोणाची म्हातारी आई. त्या संध्याकाळी त्यात आमची परात होती. क्रमांकासहित. आमचे भाऊजी विणेकऱ्यांच्या मागे उभे होते, त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी मी परातीकडे फार लक्ष ठेवले आणि गॅसकडे ठेवले नाही. आमच्या भट्ट्यांना एकोणीस किलोचे सिलिंडर असतात. सिलिंडर ट्रकमध्ये चढवण्याआधी खटका बंद करायचा, रेग्युलेटर काढायचा, वरची टोपी दोरीने बांधलेली असते ती बसवायची आणि सिलिंडर उभा ठेवायचा, आडवा नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या दिवशी वाल्ह्याहून निघताना पाऊस आला, पोरांनी घाईघाईने सिलिंडर तसाच चढवला, रेग्युलेटर वर आणि खटका अर्धवट. लोणंदला फाळका पाडला तर वास. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, खाली साचतो. पोत्यांच्या मधल्या खाचांतून ट्रकच्या तळाशी बसून राहिला होता. गाडी उतरवायला आलेल्या एकाच्या कानावर विडी होती. पेटवलेली नव्हती, नुसती कानावर. मी त्याच्या कानावरून ती काढून घेतली आणि लांब टाकली, त्याला काही न सांगता. तो माझ्यावर रागावला. दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या वर करून आम्ही अर्धा तास गाडीपासून दूर उभे राहिलो.

तेव्हापासून एक नियम केला. ट्रकची किल्ली रात्री ड्रायव्हरकडे राहत नाही. रेग्युलेटरची एक कापडी पिशवी शिवली आहे, आत चार कप्पे, चार रेग्युलेटरांचे. किल्ली त्या पिशवीच्या बंदाला बांधलेली. चारही कप्पे भरले की पिशवी ड्रायव्हरच्या हाती. आमच्या ड्रायव्हरमामांना हा अपमान वाटला. "वीस वर्षं गाडी चालवतोय, किल्ली मागून घेऊ काय बायकांकडून?" असे म्हणाले. मी म्हटले, मामा, विश्वास तुमच्यावर नाही असे नाही, माझ्यावर नाही. मला विसर पडला तर गाडी सुरूच होऊ नये, एवढ्यासाठी. ते कुरकुरत का होईना, कबूल झाले. आता कोणी पिशवी उशिरा आणली तर तेच ओरडतात.

याच्यात मला एक गोष्ट कळली. लक्षात ठेवायचे म्हणून वस्तू लक्षात राहत नाही. जी वाटेत आडवी येते, ती लक्षात राहते.

आता यादीची कथा. २०१६ साली आमच्या धाकट्याने कॉम्प्युटरवर यादी करून दिली. निघण्यापूर्वी करायच्या त्रेचाळीस गोष्टी, क्रमांक घालून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलेली. मुलाने मायेने केली, मी ती फाळक्याला टांगली. पण पहाटे तीन वाजता, बॅटरीच्या उजेडात, ओल्या हाताने त्रेचाळीस ओळी कोण वाचणार? आमच्या स्वयंपाकातल्या निम्म्या बायांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येते त्यांचे चष्मे गाठोड्यात. मी आपली वरून वाचत असे आणि खालून आवाज येत असे, "झालं, झालं." तिसऱ्या दिवशी ती यादीच झाडाला टांगलेली राहिली. नंतर समाज आरतीत तीही निघेल म्हणून मी धास्तावले होते. सुदैवाने यादीवर क्रमांक घातलेला नव्हता.

"झालं" या शब्दाविषयी मला फार बोलायचे आहे, पण वेळ थोडा आहे. मैत्रिणींनो, "झालं का?" असे विचारले की माणूस "झालं" म्हणतो. ते खोटे नसते. त्याच्या मनात ते झालेले असते. बाईने खुंट्या पोत्यात भरायला घेतल्या की तिच्या दृष्टीने खुंट्या भरून झाल्या. म्हणून मी "झालं का" विचारायचे सोडून दिले. मी म्हणते, "दाखव." खुंट्या असतील तर मोज. आमच्या दहा राहुट्या, एकेकीला बारा खुंट्या, म्हणजे एकशेवीस. पोते उचलून "भरले" म्हणायचे नाही, एकशेवीस म्हणायचे. एकशेसतरा असतील तर तीन अजून चिखलात आहेत, आणि त्या आपल्यासाठी नाही तर ज्याच्या शेतात उतरलो त्याच्यासाठी शोधायच्या. लोखंडी खुंटी जमिनीत राहिली आणि पेरणीच्या वेळी बैलाच्या खुरात किंवा ट्रॅक्टरच्या टायरात गेली, तर तो पुढच्या वर्षी आपल्याला जागा देईल का? आणि दिली तरी आपण कोणत्या तोंडाने घ्यायची?

शेतकऱ्यावरून आठवले. २०१७ साली बरडला आम्ही ज्यांच्या आवारात उतरलो होतो, त्यांनी घरातून वायर दिली होती. तिला बोर्ड जोडून दिवे आणि मोबाईलचे चार्जिंग. आजकाल वारकऱ्याला भाकरी नसली तरी चालते, चार्जिंग लागते. बोर्ड ट्रकच्या कडीला अडकवला होता, भिजू नये म्हणून. पहाटे दिवे काढले, मोबाईल काढले, बोर्ड तसाच. ट्रक हलला तो वायर घेऊन, आणि पलीकडे घराच्या भिंतीतून प्लगची पेटीच उपटून आली. त्या माउलीच्या घरात अंधार झाला. आम्ही धावत गेलो, भाऊजींनी पैसे पुढे केले. ती बाई म्हणाली, "पैशाचं राहू द्या. माझं लेकरू त्या भिंतीशी निजतं. आज नशिबानं चुलीपाशी होतं." पैसे तिने घेतले नाहीत. भाऊजींनी फलटणहून वायरमन पाठवला. त्या वर्षी उरलेल्या वाटेत ट्रकमध्ये कोणी मोठ्याने बोलले नाही.

त्याच वर्षी आमच्या आक्कांनी मला हाताच्या बोटांची युक्ती सांगितली. आक्का म्हणजे आमच्या स्वयंपाकातल्या सर्वांत वडील, अक्षरओळख नाही, पण दीडशे माणसांच्या आमटीला मीठ अंदाजाने घालतात आणि चुकत नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकाच्या कागदाला त्रेचाळीस बोटं आहेत, मला पाच आहेत. पाचात बसव." मग आम्ही बसून पाचात बसवले. करंगळी आगीची. गॅस, भट्टी, चूल पेटवली असेल तर निखाऱ्यावर पाणी. त्याच्या शेजारचे बोट पाण्याचे. पिंपे, टाकीची तोटी, टँकरवाल्याची नळी. मधले विजेचे. तर्जनी जमिनीची. खुंट्या, दोर, चाकाखाली लावलेले दगड, खणलेला चर बुजवणे, पत्रावळी. अंगठा झाकणांचा. डब्यांची झाकणे, मागचा फाळका, ताडपत्रीची गाठ, जे जे म्हणून मिटायचे आणि बांधायचे ते. प्रत्येकीने आपले एक बोट घ्यायचे आणि निघताना माझ्यापुढे ते बोट मिटून दाखवायचे, ते सुद्धा मला नेऊन दाखवल्यावर. पाच जणींची पाच बोटे मिटली की मूठ. मूठ झाली की पिशवी मामांकडे. बाहेरून बघणाऱ्याला पोरखेळ वाटेल. पण अंधारात, पावसात, शेजारच्या दिंडीचा लाऊडस्पीकर चालू असताना मूठ दिसते, हे खरे.

पाण्याचे बोट तुम्हाला किरकोळ वाटेल. पुण्याहून सासवडला जायची वाट सर्वांत लांब आणि तो दिवस बहुधा एकादशीचा. पालखी दिवे घाटातून चढते, म्हणून तो घाट वाहनांना बंद असतो आणि आमच्या गाड्या बोपदेव घाटाने जातात. पिंप दोनशे लिटरचे, म्हणजे दोनशे किलो. पूर्ण भरलेले पिंप एका जागी बसते. रिकामे असेल तर प्रश्नच नाही. अर्धे भरलेले सर्वांत वाईट, कारण पाणी वळणावर एकदा इकडे जाते आणि एकदा तिकडे, आणि पिंपाला घेऊन जाते. आमच्या बायांना पाणी ओतून द्यायचे जिवावर येते. दुष्काळी भागातल्या आहेत, पाणी टाकणे त्यांना पाप वाटते. म्हणून आता निघायच्या आधल्या रात्री उरलेल्या पाण्यात भांडी आणि धुणी काढतात. पाणी संपते आणि पापही लागत नाही.

सामान चढवण्याचेही एक शास्त्र आहे, पण ते आपण रोज कपाट लावताना करतोच. जे शेवटी चढते ते आधी उतरते. म्हणून राहुट्या शेवटी, कारण पावसात आधी त्या लागतात. म्हाताऱ्यांच्या वळकट्या त्यांच्या आधी. चहाची पातेली सर्वांत शेवटी, अगदी फाळक्याशी, कारण मुक्कामी पोहोचल्यावर पुरुष मंडळींना राहुटी नसली तरी चालते.

आता ती गोष्ट सांगते.

२०१९ सालची. मुक्काम नातेपुते. रात्री पावसाची सर येऊन गेली होती. पहिला भोंगा व्हायचा होता. पाच बोटे मिटली, मूठ झाली. त्यानंतर गाडी हलवण्यापूर्वी मी स्वतः ट्रकला एक फेरी मारत असे, हातात बॅटरी घेऊन, प्रदक्षिणेसारखी. पुढून सुरुवात, उजव्या हाताला गाडी ठेवून, चाके बघत, खाली वाकून, मागून पुढे. त्या दिवशी मी डाव्या बाजूच्या मागच्या चाकापर्यंत आले आणि फोन वाजला. घरून होता. धाकट्याच्या कॉलेजच्या फीचा शेवटचा दिवस आणि पासबुक सापडत नव्हते. इतक्या पहाटे फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, मी तो घेतला. पासबुक देवघराच्या खणात आहे, हे सांगून फोन ठेवला. त्यात फार तर दोन मिनिटे गेली. मी बोलत बोलत पुढे चालत आले होते. फोन ठेवला तेव्हा मी ड्रायव्हरच्या दाराशी उभी होते. दारापाशी आले म्हणजे फेरी झाली, असेच माझ्या मनाने घेतले. मी पिशवी मामांच्या हातात दिली आणि म्हटले, "चला."

इंजिन सुरू झाले. पोराने पुढच्या चाकाखालचे दगड काढले. आणि मागून आमच्या स्वयंपाकातल्या एका बाईचा बारा वर्षांचा मुलगा किंचाळला, "मामा, थांबा! चपला हायत!"

मागच्या चाकाला लागून चपलांचा एक जोड होता. जोडीने ठेवलेला, देवळाबाहेर ठेवतात तसा. त्या मुलाने एवढेच पाहिले की चपला आमच्या कोणाच्या नाहीत. बॅटरी खाली धरली तर मागच्या चाकांच्या मधोमध प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून एक म्हातारा गाढ झोपलेला. पाऊस आला तेव्हा कोरडी जागा बघून आत शिरला असणार. कानाने अधू. इंजिन चालू झाले तरी जाग आली नाही. गाडी वळवून काढायची म्हणून मामा ती आधी मागे घेणार होते.

मामांनी इंजिन बंद केले आणि खाली उतरून मातीत बसले. मी उभी होते, पण पाय माझे नव्हते. मुलाने आत सरकून म्हाताऱ्याला हलवले, "माउली, उठा." तो उठून बसला, कागद घडी करून काखेत घेतला, चपला घातल्या आणि आम्हा सगळ्यांना हात जोडून म्हणाला, "निघाली का पालखी?" परभणीकडचा होता. कोणत्याही दिंडीत नव्हता, मोकळाच चालत आला होता. काय झाले असते ते त्याला कोणी सांगितले नाही. आक्कांनी चहाचे पातेले पुन्हा उतरवले, काढून ठेवलेला रेग्युलेटर पुन्हा लावला, आणि त्या एकट्यासाठी चहा केला. आम्हाला उशीर झाला, गाडी गर्दीत अडकली, त्या दिवशी दुपारच्या पंगती तासभर उशिरा बसल्या. का उशीर झाला हे आम्ही विचारणाऱ्यांना सांगितले नाही. भाऊजींना मी पंढरपूरला पोहोचल्यावर सांगितले.

मी घरी आल्यावरही पुष्कळ दिवस त्याचाच विचार करीत असे. मी काही विसरले होते, असे म्हणता येत नाही. मला फेरी मारायची आहे हे ठाऊक होते, मी ती मारतही होते. मधे कोणी हाक मारली, आणि जिथे काम सोडले तिथून न धरता पुढून धरले. परातीची, वायरची गोष्ट आठवून पाहिली तर तिथेही हेच. परात घासताना कोणीतरी हाक मारली होती. बोर्ड काढायला गेलेल्या पोराला कोणीतरी मोबाईल शोधायला बोलावले होते. आपल्या बायकांच्या कामात तर हाक कधी थांबतच नाही. दूध गॅसवर ठेवून दार उघडायला जातो आणि दारातच बोलत उभ्या राहतो, हे इथे कोणीच केले नाही असे कोणी हात वर करून सांगावे.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. कोठीचे सामान आमच्या माळ्यावर पडून होते. त्या दोन वर्षांत मी पुढच्या वारीची व्यवस्था ठरवली आणि २०२२ साली भाऊजींपुढे मांडली. फेरी मी मारायची नाही. जिच्याकडे भांडी, गॅस, माणसे सगळेच आहे, तिला दहा हाका येणारच. फेरी मारायची ती ज्याने सकाळपासून कशालाच हात लावलेला नाही त्याने. पहिल्या वर्षी तो चपला पाहणारा मुलगाच नेमला. आता तो मोठा झाला, त्याच्या जागी दर वर्षी कोणी ना कोणी असते. फेरीच्या वेळी त्याला कोणी हाक मारायची नाही. मारली आणि त्याने ओ दिली, तर फेरी पहिल्यापासून. मग तीनदा मारावी लागली तरी चालेल. फोन तेवढा वेळ पिठाच्या डब्यात. आणि अंगठा झाकणांचा होता तो काढून घेतला. झाकणे जमिनीच्या बोटाला जोडून दिली. अंगठा आता माणसांचा. गाडीत कोण चढले, कोण मागे राहिले, गाडीखाली आणि गाडीमागे कोण आहे. हे बोट आक्का कोणाला देत नाहीत, स्वतःकडे ठेवतात, आणि वाकवत नाही तरी वाकून बघतात.

भाऊजी म्हणाले, यात वीस मिनिटे जातात. जातात. म्हणून आम्ही वीस मिनिटे आधी उठतो. बायकाच उठतो, हे वेगळे सांगायला नको. यावर आमच्या दिंडीत दर वर्षी थोडे भांडण होते, आणि या वर्षीही झाले. पुरुषांनी खुंट्यांचे बोट घ्यावे असा माझा आग्रह आहे. खुंट्या ठोकतात ते, मग उपटून मोजायच्या आम्ही का? दोघांनी कबूल केले आहे. बघू.

आता आपल्या सहलीचे. चिटणीसबाई म्हणतात की पुढची सहल दिवाळीनंतर ठरते आहे. माझे एवढेच म्हणणे आहे की पातेल्याला मंडळाचे नाव घालून घ्यावे, सतरंज्यांचा आकडा गाडीत बसण्यापूर्वी कोणी एकीने मोठ्याने म्हणावा, आणि जिने तो म्हणायचा तिला त्या दिवशी दुसरे काही काम देऊ नये, चहासुद्धा करायला सांगू नये. यजमानांना चिडवायला निमित्त मिळेल, ते मिळू द्यावे. आमचे हे मी घराला कुलूप लावताना बोटे मिटताना पाहिले की "झाली का मूठ?" म्हणतात. मी "दाखवते" म्हणते, आणि त्यांना परत आत नेऊन गॅस दाखवते. आजकाल तेच आधी जाऊन बघून येतात.

बोलण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे. चहा आला आहे असे दिसते. आज आपण आठ सतरंज्या आणल्या आहेत आणि शेजारच्या काकूंच्या दोन, त्यांना निळी काठ आहे. उठताना त्या दोन वेगळ्या ठेवाव्यात.